पलंगातली दुसरी

घरात दोन बेस गिटार ठेवायच्या आणि बायकोला एकच दिसू द्यायची, हे जगातलं सगळ्यात सोपं काम आहे, असं कानवाल्यांचं ठाम मत होतं. दोन्ही काळ्या, दोन्ही वापरलेल्या, दोन्हींना चार-चार तारा. एक दिवाणखान्यात स्टँडवर आणि दुसरी पलंगाच्या पेटीत. दर आठवड्याला अदलाबदल. एका वेळी एकच दिसते, म्हणजे घरात एकच आहे. साधं गणित!

कानवाल्यांचं गणित शाळेपासून कच्चं होतं, ही गोष्ट वेगळी.

कानवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कान-नाक-घशाच्या दवाखान्यात ते लोकांची ऐकण्याची तपासणी करत. गादी लावलेल्या भिंतींची एक इवलीशी खोली, आत पेशंट, त्याच्या कानांवर हेडफोन, हातात बटण. "टूं ऐकू आलं की दाबा!" हे एकच वाक्य ते वीस वर्षं बोलत आले होते. त्यामुळे दवाखान्यात, इमारतीत, इतकंच काय सासुरवाडीतसुद्धा ते कानवालेच झाले. खरं नाव सहीपुरतं उरलं. कानांचा अभिमान मात्र भरपूर! शेजारच्या घरातला फ्रीज म्हातारा झालाय हे आपल्याला भिंतीपलीकडून कळतं, असं ते फ्रीजच्या मालकाला जाऊन सांगत.

त्यांची बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. तिच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. दिवसभर तो दाबून दाबून तिच्या उजव्या पायाला अशी सवय लागली होती, की घरातसुद्धा नवरा कुठे घसरतोय असं दिसलं की पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा. कानवाले एखादी नवी कल्पना सांगायला तोंड उघडत आणि समोर तो पाय खटकन खाली येई. पुढचं वाक्य तिथंच थांबे.

आणि पाय यायला कारणं होती. आधी दुर्बीण झाली. मग मासे झाले. मग एका चाकाची सायकल झाली, तिच्यावर कानवाले एकदाच बसले आणि दोनदा पडले. म्हणून पहिली बेस गिटार घरात आली तेव्हा बायकोनं दारातच नियम सांगितला.

"एक. हेडफोन लावून वाजवायची, मला आवाज नको. आणि दुसरी आली तर दोन्ही जातील!"

"दुसरी कशाला येईल?" कानवाले म्हणाले. "मला काय चार हात आहेत?"

हे वाक्य त्यांनी अगदी मनापासून उच्चारलं होतं. पण हेडफोन लावून बेस ऐकणं म्हणजे हलवायाच्या दुकानाकडे काचेतून बघणं. सगळं दिसतं, पोटात काही जात नाही. बेस हे वाद्य कानांचं नाहीच मुळी. ते पोटाचं, छातीचं आणि खुर्चीच्या पायांचं. तीन महिने हेडफोन लावून कानवाले सुकत चालले आणि अशातच एका सकाळी जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळता चाळता त्यांना ती दिसली. 'बेस गिटार, काळी, तीस वर्षं वापरलेली. अँपसकट. नाइलाजानं देणे आहे.'

देणारे होते जनावरांचे डॉक्टर. कानवाले एका बुधवारी, दवाखान्याची अर्धी सुट्टी साधून, तिथं पोचले. एका बाजूला पिंजऱ्यातलं मांजर, दुसऱ्या बाजूला बोलायला तयार नसलेला पोपट, मधे कानवाले. नंबर आल्यावर डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं, कपाटातून गिटार काढली आणि तपासणीच्या टेबलावर आडवी ठेवली.

"मान बघा," डॉक्टर म्हणाले आणि तिच्या लांब दांड्यावरून हात फिरवला. "अजून सरळ आहे. या वयात!"

"का देताय?"

डॉक्टरांनी टेबलाखाली बोट दाखवलं. तिथं एक वासराएवढा कुत्रा डोकं पायांत घालून बसला होता. "मी जाड तार छेडली की याला वाटतं, याच्यापेक्षा मोठा कुत्रा घरात आलाय. दोन-दोन दिवस न्हाणीघरातून बाहेर येत नाही. बरं, तुमच्या घरी आधी एखादी आहे का?"

"आहे एक."

"पटेल का दोघींचं?"

"एकमेकींच्या समोर येणारच नाहीत," कानवाले म्हणाले.

मग डॉक्टरांनी अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला, वायर जोडली आणि सगळ्यात जाड तार एकदाच, अंगठ्यानं, हळूच सोडली. धुम्म्म! कानवाल्यांच्या पोटात काहीतरी उठून बसलं. काचेच्या कपाटातल्या बाटल्या किणकिणल्या, कुत्रा उठून निघून गेला आणि कानवाल्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. पंचेचाळिसाव्या वर्षी माणूस प्रेमात पडतो तेव्हा असंच होत असावं. सौदा ठरायला चहा निवायचाही वेळ लागला नाही.

घरी बुधवारी दुपारी बायको नसायची. ती चार वाजेपर्यंत कुणाला तरी चौकात वळायला शिकवत असे. घरात असत फक्त सासूबाई. सासूबाईंचं वय शहात्तर. उभं आयुष्य त्यांनी छापखान्यात बाइंडिंगच्या खात्यात काढलं होतं. तिथं सहा छपाईयंत्रं एकदम धडधडत आणि सासूबाई म्हणे चपला काढून उभ्या राहत आणि सांगत, "तीन नंबरचं यंत्र अडखळतंय, बघा." मेकॅनिक बघायचा, तर खरंच असायचं! आता तीन वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. यंत्र कानाला लावायला त्या तयार नव्हत्या. कानवाल्यांनी स्वतः त्यांची तपासणी केली होती. कागदावरची रेघ डावीकडे, म्हणजे जाड सुरांच्या बाजूला, व्यवस्थित सपाट होती आणि मग कड्यावरून उडी मारावी तशी खाली. अशा रेघा त्यांनी हजार पाहिल्या होत्या. त्यांनी सही ठोकली, कागद खणात टाकला आणि घरात जाहीर केलं, "आईंना काही ऐकू येत नाही."

तेव्हापासून घरातली माणसं सासूबाईंशी गळ्याच्या शिरा ताणून, बारीक आवाजात किंचाळायची, आणि सासूबाई "हं" म्हणायच्या.

तर सांगायचं काय, सतरंजीत गुंडाळलेलं ते लांबट धूड घेऊन कानवाले दारात आले आणि दार उघडलं सासूबाईंनीच!

"हे काय आणलंत, जावईबापू?"

कानवाल्यांना पटकन दुसरं काही सुचेना. "इस्त्रीचा बोर्ड!" ते ओरडले. सासूबाईंच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, तेव्हा त्यांनी धूड काखेत धरून, मोकळ्या हातानं हवेत मागे-पुढे इस्त्री करून दाखवली. एक अख्खा शर्ट, कॉलरसकट.

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

गिटार पलंगाच्या पेटीत गेली. त्या पेटीचं झाकण उचलायला दोन माणसं लागायची किंवा एक अपराधी माणूस. लिफ्टपाशी ठेवलेला अँप मागून आणला, तो गेला कपाटात, कानवाल्यांच्या बाजूला, रजयांच्या खाली. बायको त्या बाजूचं दार कधीच उघडत नसे. उघडलं की आतलं अंगावर येई. रजयांचा एक फायदा कानवाल्यांनी लगेच ओळखला. अँप कपाटातच ठेवायचा, दार लावून घ्यायचं, फटीतून वायर बाहेर. म्हणजे आवाज आतच राहील. एक तर घरात ऐकणारं कुणी नाही, आणि त्यात रजया!

आता इथं एक गोष्ट कुठलाही कान तपासणारा माणूस झोपेतसुद्धा सांगेल. रजईत अडकतो तो बारीक आवाज. जाड आवाज रजईला जुमानत नाही. तो कपाटातून फरशीत, फरशीतून भिंतीत आणि भिंतीतून चार मजल्यांच्या आठही घरांत फिरून येतो. हे कानवाल्यांना माहीत होतं. त्यावर त्यांनी एकदा शिकाऊ लोकांसमोर तासभर भाषणही दिलं होतं. पण प्रेमात पडलेल्या माणसाला स्वतःचं भाषण कुठे आठवतं!

पहिल्या बुधवारी ते पलंगाच्या कडेला बसले, गिटार मांडीवर घेतली आणि जाड तार सोडली. पाठ सुखावली. दात सुखावले. खिडकीची काच हलकेच हो म्हणाली. कानवाल्यांना तीनच सूर येत होते, पण बेसमध्ये तीन सूर म्हणजे तीन मजले! तासभर ते त्या तीन मजल्यांवर वरखाली करत राहिले. मधे बाहेर डोकावून पाहिलं तर सासूबाई गॅलरीत खुर्चीवर बसलेल्या, चपला काढून, पाय फरशीवर टेकवून. 'उकडत असेल,' कानवाल्यांना वाटलं. फरशी गार असते ना.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे हेडमास्तर आले. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी ते कुणाच्याही घरात वर्गात शिरल्यासारखेच शिरत.

"आमच्या कपबशा चालतात," ते म्हणाले.

"चालतात म्हणजे?" बायकोनं विचारलं.

"चालतात म्हणजे स्वतःहून चालतात! दुपारी तीन वाजता. फडताळावर एक इंच पुढे आल्या. कसला तरी घुमारा येतोय, खालून. वरच्या बाजूच्या कुटुंबालाही जाणवला. पाण्याचा पंप असेल, नाहीतर पाया खचत असेल. याचा छडा लावला पाहिजे!"

कानवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते काही बोलणार, तोच बायकोचा चेहरा अभिमानानं फुलला.

"अहो, मग आमचे हे कशाला आहेत?" ती म्हणाली. "वीस वर्षं कानांत काढली आहेत त्यांनी! यांनाच नेमा की."

झालं! इमारतीनं एकमुखानं घुमारा शोध समिती स्थापन केली आणि प्रमुख म्हणून नेमलं घुमारा करणाऱ्यालाच. कानवाले नको नको म्हणत राहिले आणि लोकांना तो विनय वाटला.

शनिवारी सगळी इमारत पंपाभोवती जमली. कानवाल्यांनी दवाखान्यातून आणलेला स्टेथोस्कोप पंपाला लावला, डोळे मिटले आणि गंभीरपणे म्हणाले, "बेअरिंग."

"बेअरिंग मागच्याच महिन्यात नवीन घातलंय," प्लंबर म्हणाला.

"म्हणूनच!" कानवाले म्हणाले. "नवीन आहे. अजून रुळलेलं नाही."

प्लंबरनं एकदा त्यांच्याकडे, एकदा स्टेथोस्कोपकडे पाहिलं आणि पंप खोलला. पंप खोलायला वीस मिनिटं लागली आणि जोडायला पाच दिवस. पाच दिवस आठ घरांतली माणसं जिन्यावरून बादल्या वाहत होती. त्या बुधवारी कानवाले बादल्याच वाहत होते, त्यामुळे गिटार वाजली नाही, घुमारा झाला नाही आणि हेडमास्तरांच्या कपबशा जागच्या जागी राहिल्या.

"कमाल आहे!" हेडमास्तर जिन्यात बादली खाली ठेवून म्हणाले. "कान म्हणावेत तर असे!"

इथं शहाणा माणूस थांबला असता. कानवालेही थांबणार होते. पण मधल्या रविवारी अदलाबदलीचा दिवस आला, दुसरी स्टँडवर गेली आणि बायकोनं तिच्यावरची धूळ पुसता पुसता सहज म्हटलं, "ही वाजवत नाही का हो तुम्ही हल्ली? तीन महिन्यांत मन भरलं वाटतं. माशांसारखंच!" तिचा पाय जागेवर होता, आवाजात रागही नव्हता, नुसतीच एक सवयीची निराशा होती. ती कानवाल्यांना फार लागली. मन भरलं? माझं? ओरडून सांगावंसं वाटलं, की बाई गं, इतकं भरलंय की पलंगात ठेवायची वेळ आलीय! पण मूग गिळून बसावं लागलं. पुढच्या बुधवारी त्यांनी दीड तास वाजवली. आता चौथा सूरही येऊ लागला होता.

कपबशा दोन इंच चालल्या. एक खाली पडली.

"लिफ्टची मोटर," प्रमुखांनी निदान केलं. दुसरं करतील काय? पंप तर नवाकोरा झाला होता. लिफ्ट बंद ठेवण्यात आली. मेकॅनिक आला, त्यानं मोटर तपासली, काही नाही म्हणाला आणि मोटर घेऊनच गेला. आता मात्र कानवाल्यांना रात्रीचं जेवण गोड लागेना. सासूबाई रोज संध्याकाळी लिफ्टनं खाली जाऊन बाकावर बसत. त्यांना चार जिने उतरणं शक्यच नव्हतं. त्या आता दिवसभर वरच. पण गंमत अशी, की त्या कुरकुर करत नव्हत्या. उलट रोज सकाळी विचारत, "आज बुधवार का?"

"नाही, आई! शुक्रवार!" बायको किंचाळे.

"हं," म्हणून सासूबाई हिरमुसून वर्तमानपत्रात डोकं घालत. 'वय झालं,' कानवाले मनात म्हणत. 'वारांचा घोळ होतोय.'

शेवटी सगळ्यांनी जिन्यात सभा भरवली. मोटर नाही, पंप नाही, मग काय? हेडमास्तरांनी भूकंपाचा विषय काढला. तेवढ्यात कानवाल्यांची बायको पुढे झाली.

"इतकं अवघड काय आहे त्यात? घुमारा बुधवारी तीनला येतो. आपण सगळ्यांनी बुधवारी तीनला खाली मीटरपाशी उभं राहायचं आणि एकेका घराची लाइट बंद करत जायचं. जिथं बंद केल्यावर आवाज थांबेल, ते घर! मी सुट्टी घेते."

टाळ्या पडल्या. कानवाल्यांनीही वाजवल्या, जरा जास्तच वेळ. ही बाई गाडी कशाला शिकवते, हिनं पोलिसात जायला हवं होतं! पण रात्रभर विचार केल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की यात घाबरण्यासारखं काहीच नाही. तीन वाजता वाजवणारा माणूस तीन वाजता खालीच उभा असणार. वाजवणार कोण? घुमारा होणारच नाही! मग प्रमुख या नात्यानं जाहीर करायचं की आजार बरा झाला, आणि पुढं बुधवार सोडून दुसरा एखादा वार बघायचा. त्या पहाटे त्यांना गाढ झोप लागली.

बुधवारी पावणेतीनला झाडून सगळी इमारत मीटरपाशी हजर होती. वर होत्या फक्त सासूबाई. जिने उतरता येत नव्हते ना. हेडमास्तरांनी फडताळावरची एक कपबशी बरोबर आणून शेवटच्या पायरीवर ठेवली होती, प्रयोगासाठी. तीन वाजले. सगळ्यांचे डोळे कपबशीवर.

"नाही येत," कानवाले पाचव्या मिनिटाला म्हणाले.

"थांबा," बायको म्हणाली.

दहा मिनिटं झाली. "मी म्हणतो ना, लिफ्टच होती!" कानवाल्यांनी छाती पुढे काढली. "माझा कान सांगतो, आता हा घुमारा पुन्हा या इमारतीत कध्धी..."

धुम्म्म.

पायरीवरची बशी किणकिणली.

धुम्म्म. धुम्म. धुम्म्म.

कानवाल्यांची बोबडी वळली. जाड तार! तीच! हा आवाज ते हजार आवाजांतून ओळखतील! पण वाजवायला वर आहे कोण? गिटार आपापली वाजते की काय? जनावरांच्या डॉक्टरांनी काही सांगायचं तर राहून गेलं नाही?

"कानवाले, कुठून येतोय?" हेडमास्तर ओरडले.

"पा... पाया खचतोय," कानवाले म्हणाले. ते खोटं नव्हतं; त्यांच्या स्वतःच्या पायांबद्दल ते अगदी खरं होतं.

बायकोनं एव्हाना पहिल्या मजल्यापासून सुरुवात केली होती. खट. धुम्म. खट. धुम्म. दुसरा मजला, खट, खट. धुम्म, धुम्म. तिसरा मजला. धुम्म! चौथ्यावरच्या शेजाऱ्यांचं घर. खट. धुम्म्म. उरलं एकच बटण. त्याच्याखाली तिच्याच हातानं चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्यांचं आडनाव होतं. बायकोचा हात क्षणभर थांबला. मग तिनं बटण खाली केलं.

शांतता.

सगळ्यांच्या माना हळूहळू समितीच्या प्रमुखांकडे वळल्या. प्रमुखांनी आकाशाकडे पाहिलं. तिथं जिन्याचं छत होतं.

चार जिने सगळी इमारत एकामागोमाग चढली. कानवाले सगळ्यात मागे, फाशी जाणाऱ्या माणसाच्या चालीनं. दार उघडलं, झोपण्याच्या खोलीत बघतात तो काय! पलंगाच्या कडेला सासूबाई. मांडीवर स्टँडवरची काळी बेस गिटार, कपाटाच्या फटीतून आलेली वायर तिला जोडलेली, पाय अनवाणी, फरशीवर घट्ट टेकवलेले. आणि चेहऱ्यावर भयंकर राग.

"लाइट कुणी घालवली?" त्या कडाडल्या. "आत्ता कुठं हात बसत होता!"

"आई! तू?" बायको किंचाळली. "तुला ऐकू येतं?"

"हं," सासूबाई म्हणाल्या, नेहमीसारख्याच.

मग हेडमास्तरांनी, चाळीस वर्षं वर्गात कमावलेल्या घोगऱ्या, जाड आवाजात, सावकाश विचारलं, "बाई, तुम्हाला हे ऐकू येतं का?"

"येतं की!" सासूबाई लगेच म्हणाल्या. "तुमचंही येतंय. हे घरातले लोक चिमण्यांसारखे चिवचिवतात, ते नाही येत. कुणी माणसासारखं जाड आवाजात बोलेल तर शपथ! तीन वर्षं मी या घरात नुसती तोंडं हलताना बघतेय. मला वाटलं, संपलं आपलं. आता असंच बसायचं मरेपर्यंत. आणि त्या दिवशी दुपारी गॅलरीत बसले होते, तर पायांना कळलं. मग कानाला. छापखाना सुरू झाल्यासारखं वाटलं हो! रडू आलं मला." त्यांनी जाड तारेवरून बोट फिरवलं. "बुधवारची वाट बघायची मी. आज तीन वाजून गेले तरी जावईबापूंचा पत्ता नाही. म्हटलं, आपणच लावू."

बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि कानवाल्यांच्या डोळ्यांसमोर खणातला तो कागद आला. डावीकडे सपाट रेघ, जाड सूर व्यवस्थित. खाली त्यांची सही. वीस वर्षं लोकांचे कान तपासणाऱ्या माणसानं घरातलाच कान तीन वर्षं खणात बंद करून ठेवला होता. असं शरमल्यासारखं त्यांना सायकलवरून पडतानाही वाटलं नव्हतं.

"आई," ते जमेल तितक्या जाड आवाजात म्हणाले, "माझं चुकलं."

"चुकतंच तुमचं," सासूबाई म्हणाल्या. "चौथ्या सुराला दर वेळी अडखळता."

सगळे हसले. बायकोही डोळे पुसत हसली. कानवाल्यांच्या जिवात जीव आला. पंप माफ, लिफ्ट माफ, वातावरण असं छान ओलं झालेलं, आता चहा ठेवावा आणि प्रकरण मिटवावं, असा विचार करून ते स्वयंपाकघराकडे वळलेसुद्धा. तेवढ्यात सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "पण हीच छान आहे हो. ती पलंगातली मुकी आहे. तिच्यात मजा नाही."

कानवाले जागच्या जागी थिजले.

"पलंगातली?" बायको म्हणाली. तिनं हा शब्द अगदी जाड आवाजात, एकेक अक्षर सुटं करून विचारला.

"ती गं, पहिली. दर आठवड्याला बदलतात ना हे. ही इस्त्रीचा बोर्ड म्हणून आणलेली. अशी!" असं म्हणून सासूबाईंनी एका हातानं हवेत इस्त्री करून दाखवली. एक अख्खा शर्ट, कॉलरसकट. "मला ऐकू कमी येतं. दिसतं सगळं!"

बायकोचा उजवा पाय खटकन फरशीवर आला. तो इतक्या जोरात आला, की हेडमास्तरांच्या हातातली प्रयोगाची बशी पुन्हा एकदा किणकिणली.

पेटीचं झाकण तिनं एकटीनं उचललं.

नियम म्हणजे नियम. दुसरी आली तर दोन्ही जातील, असं ठरलं होतं आणि त्या दोन्ही गेल्या. फार लांब गेल्या नाहीत, एवढंच. इस्त्रीचा बोर्ड सासूबाईंच्या खोलीत गेला, अँपसकट. आणि पलंगातली मुकी हेडमास्तरांनी मागून घेतली. "किती वापरलेली आहे?" त्यांनी दारात उभं राहून विचारलं. "वापरलीच नाही फारशी," बायको म्हणाली. आता त्या गिटारला एक जुनाच पण धिप्पाड अँप मिळालाय आणि ती मुळीच मुकी राहिलेली नाही. सासूबाई लिफ्टनं खाली जायच्या आधी रोज तासभर वाजवतात. खालून हेडमास्तर उत्तर देतात. दोघांचं वय मिळून दीडशेच्या घरात, पण ताल असा, की आठही घरांच्या कपबशा आता एकदमच चालतात.

कानवाल्यांना तारा जुळवून द्यायची परवानगी आहे. परवा त्यांनी जुळवून दिल्या, नेहमीच्या रुबाबात, कान तिरका करून. सासूबाईंनी चपला काढल्या, एकदा जाड तार सोडली आणि म्हणाल्या, "जावईबापू, ही जरा ढिली आहे." कानवाल्यांनी मनातल्या मनात हसून सूर मोजायचं मशीन लावून पाहिलं. काटा डावीकडे होता. त्यांनी मुकाट्यानं खुंटी पिळली.

नंतर ते दिवाणखान्यात, रिकाम्या स्टँडसमोर, हेडफोन न लावता बसून राहिले. सोफ्याखालून धुम्म, भिंतीतून धुम्म. पोटात छान वाटत होतं, तेवढ्यात दार वाजलं. इमारतीत नवीनच राहायला आलेले भाडेकरू उभे होते.

"कानवाले तुम्हीच ना? तुमच्या कानांबद्दल फार ऐकलंय. अहो, हा कसला घुमारा येतो रोज?"

कानवाल्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. सोफ्यावर वर्तमानपत्र वाचणाऱ्या बायकोच्या पायाकडे पाहिलं. तो किंचित उचललेला होता.

"पंप असेल," ते म्हणाले.